चारशे बारा पांढरी खोकी

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ग्रोझदाना पेय्चिचने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिलं पांढरं खोकं उघडलं. टेस्टर वीस मिनिटांपूर्वीच सुरू केलेला होता. हेडफोन गळ्यात होते. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली होती, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नऊच दिवस झाले होते. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. खोक्यात जुन्या रेडिओत असतो तसा अंगठ्याएवढा काचेचा व्हॉल्व्ह होता. तिने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि टेस्टरच्या सॉकेटमध्ये बसवला. दुसऱ्या खोक्यातला शेजारच्या सॉकेटमध्ये गेला. मग दहा मिनिटं थांबायचं, व्हॉल्व्ह नीट तापेपर्यंत.

अशी खोकी चारशे बारा होती. त्यांतल्या फक्त अकरांत तिला हवे तसे व्हॉल्व्ह होते. कोणत्या अकरांत, हे नऊ दिवसांपूर्वी तिने डोळे झाकून सांगितलं असतं.

निश शहरात, निशावा नदीपासून दहा मिनिटांच्या चालीवर, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ती राहते. वय बहात्तर. स्वर्लिगजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ती शहरात आली आणि व्हॉल्व्हच्या कारखान्यात लागली. सत्तावीस वर्षं मोजणी विभागात होती, चौदा नंबरच्या टेबलावर. समोर मापकाचा काटा, कानाला हेडफोन, हातात मागे रबर असलेली पेन्सिल. तयार झालेला व्हॉल्व्ह यायचा, काटा बघायचा, पेन्सिलच्या रबराने काचेवर टकटक करायची, ऐकायचं, आणि पास की नापास ते ठरवायचं. दिवसाला सहाशे नग. तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर हेडफोनने पडलेला वळ निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेला.

नापास माल दर शुक्रवारी कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी कामगारांना वजनावर विकत असत. ह्या मालात खरा खराब थोडाच असे. ह्या जातीच्या एका व्हॉल्व्हच्या पोटात दोन व्हॉल्व्ह असतात, आणि ते दोन अर्धे एकमेकांशी जुळले नाहीत की नग नापास. पण त्यातलेच काही इतके शांत असत की कानाला हेडफोन लावल्यावर व्हॉल्व्ह बसवलाय की नाही तेच कळू नये. मोजणी विभागातल्या बायकांना हे माहीत होतं. अडचण एवढीच की फाटकापाशी फोरमन उभा असे, आणि कोणी नगावर काही खूण केलेली दिसली की तो नग फोरमनच्या पिशवीत जाई. म्हणून कोणी काही लिहीत नसे. छपाई बिघडलेली रिकामी खोकी फुकट मिळत, त्यांत प्रत्येक बाई आपापल्या रीतीने माल भरी. ग्रोझदानाची रीत अशी होती: शांत व्हॉल्व्ह टीव्हीच्या व्हॉल्व्हच्या निळ्या खोक्यात. साधा पण धडधाकट तो रेडिओच्या पिवळ्या खोक्यात. टकटक केल्यावर घंटेसारखा किणकिणणारा लाल पट्टीच्या खोक्यात. शेजारच्या टेबलावरची पर्सिदा कशी भरत असे ते ग्रोझदानाला ठाऊक नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

कारखाना बंद पडला तेव्हा बहुतेकांनी आपला साठा बाजारात किलोवर फुंकून टाकला. ग्रोझदानाने आपला फळीवर ठेवून दिला, लोणच्याच्या बरण्यांच्या वर. सोळा वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं, प्रीअँपमधले व्हॉल्व्ह बदलून देशील का. तिथून सुरुवात झाली.

तबकडीवरच्या सुईतून निघणारा आवाज फार बारीक असतो. मोठ्या अँप्लिफायरकडे पाठवण्याआधी तो एका लहान पेटीत वाढवून घ्यावा लागतो. ती पेटी म्हणजे प्रीअँप. त्यातला व्हॉल्व्ह स्वतः जी खरखर करतो, तीही गाण्याबरोबर वाढत जाते. म्हणून हौशी माणसं हा काढ, तो घाल, असं करत राहतात, आणि त्यात कधी त्यांचा महिना जातो, कधी वर्ष. ग्रोझदानाकडे अशी माणसं पेटी घेऊन येतात. ती त्यांना बाहेरच्या खोलीत कॉफी देऊन बसवते आणि बदल आत करते. गिऱ्हाइकाने बघत बसायचं नाही, हा तिचा नियम. "बघणारा डोळ्याने ऐकतो," असं ती म्हणते.

एकदा एक दंतवैद्य तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांचे तीन व्हॉल्व्ह घेऊन आला होता. एकाचा आवाज उबदार, दुसऱ्याचा ऐसपैस, तिसऱ्याचा म्हणे जरा उद्धट. ग्रोझदानाने तिन्ही उजेडात धरले.

"डॉक्टर, ह्या तिघांच्या आतली तार एकाच जागी वाकलेली आहे. दिसते का?"

"दिसते. मग?"

"मग काही नाही. आमचं तार वाकवायचं यंत्र त्या वर्षी तिथेच चावत होतं. तीन नावं छापून तिघांना विकलेत. तिन्ही माझ्याच टेबलावरून गेलेत."

दंतवैद्याने त्यांतला एक पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "तरीपण हा उबदारच आहे."

"असू दे की उबदार," ग्रोझदाना म्हणाली. बदलायची काही गरज नाही, असं सांगून ती निम्म्याहून जास्त लोकांना परत पाठवते.

तिचं खरं कायमचं गिऱ्हाईक एकच. झ्रेन्यानिन शहरातला ल्युबिशा मर्कशिच, वय चव्वेचाळीस. गराजमध्ये एकटा बसून प्रीअँप बनवतो, वर्षाला सहा-सात. प्रत्येक पेटीत चार व्हॉल्व्ह. सहा वर्षं तो चारही शांत व्हॉल्व्ह ग्रोझदानाकडून नेतो, आणि सोळा वर्षांत तिने दिलेला एकही व्हॉल्व्ह कुणाकडून परत आलेला नाही. ह्या शनिवारी दुपारी बारा वाजता तो येणार होता. फोनवर त्याने स्पष्टच सांगितलं होतं: "मावशी, परदेशातला एक जण मोजून निवडलेले नवे व्हॉल्व्ह द्यायला तयार आहे. महाग आहेत, पण घरपोच येतात. तुमच्याकडे असतील तर मला तिकडे जायचंच नाही. पण ह्या खेपेला चार नक्की हवेत, कारण पेटी विकली गेलीय."

"आहेत. मला जागा माहीत आहे," असं ग्रोझदानाने सांगितलं होतं.

त्यानंतर तिची शस्त्रक्रिया झाली. इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून ती आठ दिवस मुलीकडे लेस्कोवात्सला राहिली. बुधवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा स्वेतोझार कोठीघराच्या दाराशी उभा होता. त्याने सदरा बदललेला होता.

स्वेतोझार शहात्तर वर्षांचा. जन्मभर भूमापन कार्यालयात नकाशे काढले. अक्षर छापल्यासारखं. चुकीचं नाव लिहिलेली वस्तू त्याला घरात सहन होत नाही. मिठाच्या डब्यात साखर सापडली तर तो जेवण थांबवतो. एकटा असताना तो बरण्या उतरवायला गेला, आणि त्याला दिसलं की टीव्हीच्या व्हॉल्व्हच्या खोक्यात टीव्हीचा व्हॉल्व्ह नाही. रेडिओच्या खोक्यात रेडिओचा नाही. एकही खोकं खरं बोलत नव्हतं. त्याला वाटलं, हा मोतीबिंदूचा प्रताप. बिचारीला दिसत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही.

आठ दिवस खपून त्याने सगळं दुरुस्त केलं. पुतण्याच्या छापखान्यातून औषधाची कोरी पांढरी खोकी आणली. प्रत्येक व्हॉल्व्ह स्पिरिटने पुसला. काचेच्या टोकाला आतून जो रुपेरी डाग असतो, तो ज्याचा सगळ्यात स्वच्छ तो पहिला, मग दुसरा, अशी रांग लावली. प्रत्येक खोक्यावर व्हॉल्व्हचं खरं नाव आणि एक ते चारशे बारा क्रमांक, काळ्या शाईत.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

ग्रोझदाना दारात उभी राहून बघत होती. "छान दिसतं," ती म्हणाली. "जुनी खोकी कुठे आहेत?"

"सोमवारी रद्दीत दिली. कळकट झाली होती गं. उंदीर लागले असते."

"बरं केलंस."

"दिसतंय ना आता नीट?"

"सगळं दिसतंय," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली.

गुरुवारी ती क्रमांक एकपासून बसली. जोडी तापायला दहा मिनिटं. मग हेडफोन लावायचे, आवाज पूर्ण वाढवायचा, एका व्हॉल्व्हची खरखर ऐकायची, दुसऱ्याची ऐकायची, रबराने टकटक, आणि पुढची जोडी. काटा मदत करतो, पण शेवटचा निकाल कानाचा. आणि कान चार तासांहून जास्त चालत नाही. त्यानंतर त्याला सगळेच व्हॉल्व्ह चांगले वाटायला लागतात. तिने मनाशी हिशेब केला होता. दिवसाला चव्वेचाळीस. शनिवारी बारापर्यंत शंभर-सव्वाशे. चारशे बारांत अकरा, तर सव्वाशेत तीन. ल्युबिशाला चार हवे होते.

स्वेतोझार दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला.

"काय शोधतेस?"

"शोधत नाही. मोजते."

"पहिले चाळीस बघ, आरशासारखे आहेत. चांगले ते पुढेच लावलेत मी."

"बघते ना."

संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस झाले. एकतीस नंबरचा शांत निघाला, एकच. तो तिने बाजूला बशीत ठेवला. बाकीचे पुन्हा आपापल्या खोक्यात गेले.

शुक्रवारी सकाळी स्वेतोझार कॉफी घेऊन आला तेव्हा बशीत एकटाच पडलेला व्हॉल्व्ह त्याला दिसला.

"हा बाहेर का?"

"हा शांत आहे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बोलके आहेत."

तो बसला. "ग्रोझदा, काहीतरी बिनसलंय. लेस्कोवात्सहून आल्यापासून तू मला एकदाही मूर्ख म्हणाली नाहीस."

तिने हेडफोन काढले आणि सांगून टाकलं. निळं म्हणजे काय, पिवळं म्हणजे काय, लाल पट्टी म्हणजे काय. आवाज चढवला नाही. "खोक्याचा रंग हीच माझी वही होती, स्वेतो."

"पण त्यांवर नावं चुकीची होती."

"चुकीची म्हणूनच ठेवली होती."

"पन्नास वर्षं संसार केला आपण. सांगायचं नाही का कधी?"

"तू विचारलंस का कधी? तुला वाटलं, बाई आंधळी झाली."

स्वेतोझारने कॉफी संपवली, कोट घातला आणि बसने रद्दीच्या वखारीवर गेला. सोमवारचे गठ्ठे मंगळवारीच दाबून रवाना झाले होते. वखारवाल्याने विचारलं, आजोबा, खोक्यांत पैसे होते का. स्वेतोझार म्हणाला, नाही, रंग होता. अकरा वाजता तो परत आला तेव्हा त्याच्या हातात चीज भरलेले दोन पापुद्र्याचे बुरेक आणि दही होतं.

"गेले," तो म्हणाला.

"मला माहीत होतं. खा आता."

खाऊन झाल्यावर तो उठला आणि माळ्यावरून एका मोडक्या रेडिओचा सांगाडा काढून आणला. दीड तासात त्याने फळीवर चार सॉकेट ठोकली आणि त्यांना रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून फक्त आतली तार तापण्यापुरती वीज दिली. ग्रोझदानाने जोडण्या तपासल्या. एक तार उलट होती, ती तिने बदलायला लावली. व्हॉल्व्हच्या नऊ पायांतला एक पाय चुकला की तो थंड तरी राहतो नाहीतर जळतो. मग काम वेगळ्या चालीने सुरू झालं. पुढचे चार नग फळीवर तापत असायचे, स्वेतोझार फडक्यात धरून गरम व्हॉल्व्ह टेस्टरमध्ये बसवायचा, काटा वाचायचा आणि वहीत लिहायचा. ग्रोझदाना फक्त ऐकायची.

"त्रेपन्न. काटा एक पूर्णांक दोन."

"खरखर. ठेव."

"चोपन्न. एक पूर्णांक दोन."

"हा किणकिणतो. ठेव."

"दोघांचा काटा सारखाच आहे की."

"दोन माणसांचं वजन सारखं असलं म्हणून दोघं सारखीच घोरतात का? पुढचा घे."

सहासष्ट नंबरचा शांत निघाला. स्वेतोझारने तो एकतीसच्या शेजारी ठेवला, भिंग घेतलं आणि बराच वेळ दोघांकडे बघत बसला.

"दोघांच्या टोकाशी काचेच्या आत जे तारेचं कडं आहे ना, ते डावीकडे कललंय."

"कललं असेल."

"योगायोग नाही हा. त्या दिवशी यंत्र तसं चालत असणार. तूच सांगितलंस ना त्या दंतवैद्याचं, तार एकाच जागी वाकलेली म्हणून."

"तार वाकलेली असली तर एका यंत्राचे एवढंच कळतं. शांत आहेत की नाही ते नाही कळत. आवाज डोळ्याला दिसत नाही, स्वेतो."

"एक तास दे मला."

तिने दिला. तोवर तिच्या कानालाही विश्रांती हवीच होती. स्वेतोझारने उरलेली तीनशेच्या वर खोकी भिंगाखाली बघितली आणि डावीकडे कललेल्या कड्यांचे आठ व्हॉल्व्ह वेगळे काढले. आठही तापवले, आठही ऐकले. एक शांत निघाला, तीनशे आठ नंबरचा. सहा खरखरीचे होते आणि एक इतका किणकिणला की ग्रोझदानाने हेडफोन काढून त्याच्या कानाला लावले.

"ऐक तुझा योगायोग."

स्वेतोझारने ऐकलं. "आठात एक म्हणजे काही वाईट नाही," तो म्हणाला.

"वाईट नाही. पण उजवीकडे कललेले आठ घेतले असतेस तरी एखादा निघालाच असता. पंचाहत्तर नंबरचा लाव."

शुक्रवारच्या अखेरीस बशीत तीन होते. स्वेतोझारने त्यांच्यासाठी तीन खोकी घेतली आणि लेखणी हातात धरून थांबला.

"ह्यांवर काय लिहू? तुझी काही खूण सांग."

"शांत असं लिही."

"सरळ?"

"सरळ लिही. फोरमन वारला."

शनिवारी सकाळी त्यांनी आणखी चोवीस बघितले. क्रमांक एकशे वीसपर्यंत ओळीने आणि भिंगाने काढलेले पुढचे आठ मिळून एकशे अठ्ठावीस झाले. चोवीसांत एकही शांत नव्हता. पावणेबाराला ग्रोझदानाने हेडफोन काढले आणि भरलेल्या मिरच्यांचं भांडं शेगडीवर ठेवलं. बाराला दहा कमी असताना ल्युबिशा आला, चार जिने चढून, छातीशी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली पेटी धरून.

"लिफ्ट कधी व्हायची, मावशी?"

"निवडणुकीच्या आधी. बस."

"डोळा कसा आहे?"

"तुझे पिकलेले केस दिसायला लागले. बस म्हणते ना."

तो बसला. "चार तयार?"

"तीन आहेत."

ल्युबिशाने पेटी हळूच जमिनीवर ठेवली. "फोनवर तुम्ही चार म्हणालात."

"म्हणाले होते."

"चूक माझी आहे," स्वेतोझार दारातून म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं: खोकी, त्यांतले अकरा शांत, रद्दी, स्पिरिट, वखार. काही गाळलं नाही. ल्युबिशा ऐकत होता. शेवटी त्याने कपाळाला हात लावला.

"उस्ताद, एक विनंती आहे. माझ्या गराजमध्ये कधी येऊ नका."

"अवजारं नीट लावलेली आहेत का?"

"नाहीत."

"मग नाही येत. मला बघवणार नाही."

"तीन घेऊन मी काय करू, मावशी? पेटीला चार लागतात. मी आज त्या परदेशातल्या माणसाला फोन करतो. राग नाही, पण एकदा तिकडून मागवले की दर वेळी तिकडूनच मागवीन. दोन ठिकाणची खरेदी मला परवडत नाही."

ग्रोझदानाने शेगडी बारीक केली. मग म्हणाली, "तुझ्या पेटीत पुढचे दोन सुईचा आवाज पहिल्यांदा उचलतात. डाव्या बाजूचा एक, उजव्या बाजूचा एक. तिथे शांतच हवेत. मागचे दोन नंतर येतात. त्यांच्यापर्यंत आवाज पोचतो तेव्हा तो आधीच तीस-चाळीस पट झालेला असतो. तिथे व्हॉल्व्हची थोडी खरखर असली तरी ती कुणाला ऐकू येत नाही. मागे साधे चालतात."

ल्युबिशाने तिच्याकडे बघितलं. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तू पहिली पेटी आणलीस तेव्हापासून."

"सहा वर्षं? आणि सहा वर्षं मी चारही शांत नेतोय?"

"तू चार मागितलेस. बेकरीवाला विचारतो का, दुसरा बुरेक कोणासाठी म्हणून?"

"बेकरीवाल्याकडे अकराच बुरेक नसतात, मावशी."

"ते खरं आहे," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. चार नेणारा एकच होता, म्हणून नाही सांगितलं."

"मला खात्री कशी पटणार? आज तुमच्याकडे तीनच आहेत, म्हणूनही म्हणत असाल."

"म्हणूनही म्हणू शकते. तेव्हा तूच ऐक."

पेटी टेबलावर आली. पुढच्या दोन जागी एकतीस आणि सहासष्ट बसले. ल्युबिशाला खिडकीकडे तोंड करून बसवलं, कानाला हेडफोन. तबकडी लावायची नाही, आवाज पूर्ण वाढवायचा, आणि नुसती शांतता ऐकायची. मागच्या दोन जागी दर फेरीला दोन्ही साधे तरी असणार, नाहीतर त्यांतल्या एका जागी शांत तरी. कोणत्या फेरीला काय, ते स्वेतोझार वहीत आधीच लिहून ठेवणार, आणि ल्युबिशाने ओळखायचं. प्रत्येक फेरीनंतर पेटी बंद करून पाच मिनिटं थांबायचं, कारण वीज काढली तरी आत ती काही वेळ दबा धरून बसते. मग व्हॉल्व्ह किंचित डोलवत सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, आणि नवा बसवून दहा मिनिटं तापू द्यायचा. बदल करायचा नसला तरी थांबणं तेवढंच, म्हणजे वेळेवरून अंदाज लागू नये. मधल्या वेळात मिरच्या खाऊन झाल्या.

पहिल्या फेरीला ल्युबिशा म्हणाला, "साधे." दुसऱ्या फेरीला बराच वेळ ऐकून म्हणाला, "हा शांत आहे. स्पष्ट कळतंय. आवाजामागचा पडदा एकदम काळा झाला." तिसऱ्याला म्हणाला, "साधे." चौथ्याला तो खांदे उडवून म्हणाला, "शांत. की साधे? शांत लिहा."

दीड वाजता स्वेतोझारने वही त्याच्यासमोर ठेवली. चारांतले दोन बरोबर होते. दुसऱ्या फेरीला, पडदा काळा झाला तेव्हा, मागे साधेच होते.

ल्युबिशाने वही दोनदा वाचली. "नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं," तो म्हणाला.

"नाण्याला जेवायला घालावं लागलं नसतं," ग्रोझदाना म्हणाली.

त्याने तिन्ही शांत घेतले, दोन पुढच्या जागांसाठी आणि एक राखीव. मागच्या जागांसाठी चांगले तपासलेले चार साधे घेतले. पैसे आधीच्यापेक्षा बरेच कमी झाले. दोघांनी ते मोजले. परदेशातल्या माणसाला फोन करायचं त्याने पुन्हा काढलं नाही. पेटी ब्लँकेटमध्ये गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "पुढची पेटी जानेवारीत. तिला दोनच शांत लागतील."

"दोन मिळतील."

"आहेत कुठे ते?"

"आठ उरलेत. त्या भिंतीत आहेत." तिने हाताने कोठीघराकडे दाखवलं. "सगळे सापडले तर चार पेट्या निघतील. म्हणजे तुझं निम्मं वर्ष."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तुझ्या त्या माणसाला फोन कर. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची असेन."

तो जिना उतरेपर्यंत स्वेतोझार दारात उभा होता, पेटी कठड्याला लागू नये म्हणून वरून सांगत होता. मग तो आत आला. वहीत नव्या पानावर त्याने तीन रकाने पाडले: शांत, साधे, किणकिणणारे. मग ग्रोझदाना पलंगावर पाठीवर पडली आणि त्याच्याकडून डोळ्यात औषधाचे थेंब घालून घेऊ लागली. दर चार तासांनी दोन थेंब. ते मात्र त्यालाच घालावे लागतात.

"हात हलतो तुझा," ती म्हणाली.

"तू हलतेस."

खालच्या मजल्यावरच्या सभागृहात रविवारी सकाळी अकराला लग्न आहे आणि पितळी वाजंत्री येणार आहेत. एकदा ती सुरू झाली की संध्याकाळपर्यंत इमारतीत कुणाला काही ऐकू येत नाही. म्हणून उद्या काम अकराच्या आत उरकायचं आहे. स्वेतोझार साडेसातला टेस्टर सुरू करील, आठ वाजेपर्यंत एकशे एकवीस ते एकशे चोवीस हे नग फळीवर तापलेले असतील, आणि ग्रोझदाना आठला हेडफोन लावील.